रिकाम्या गाडीचे वजन

उष्णता मोजणाऱ्या तारांविषयी सभासदांसाठी चार गोष्टी



ऊस कारखान्याच्या फाटकातून आत आला की आपली नजर सर्वांत आधी वजनकाट्याकडे जाते, आणि ते रास्तच आहे. भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा लिहिला जातो. गव्हाणीत ऊस रिकामा करून तीच गाडी परत काट्यावर येते, रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि दोन्हींची वजाबाकी होऊन निव्वळ उसाची पावती आपल्या हातात पडते. ही वजाबाकी करायला कुणी विसरला तर गाडीतळावर काय गहजब होईल, हे सांगायला नको.

पण ऊस काट्यावरून पुढे गेला की कारखान्यात आणखी कितीतरी मोजमापे चालू असतात. ती आपल्याला दिसत नाहीत. रस किती तापला, पॅनमध्ये साखर कोणत्या उष्णतेवर शिजते आहे, टर्बाइनचे बेअरिंग गरम झाले का, डिस्टिलरीतल्या आंबवणीच्या टाकीत यीस्टला सोसेल एवढीच ऊब आहे ना, हे सगळे चोवीस तास मोजले जाते. मोजणारी वस्तू म्हणजे पेन्सिलीएवढी स्टीलची एक कांडी आणि तिच्यातून निघालेल्या दोन, तीन किंवा चार तारा. गंमत अशी की या तारांनासुद्धा 'रिकाम्या गाडीचे वजन' असते. ते वजा होते की नाही, हे पाहायला मात्र तिथे एकही सभासद उभा नसतो. म्हणून हा लेखप्रपंच.

प्लॅटिनमची कांडी

या कांडीला आपल्या कारखान्यात 'आरटीडी' म्हणतात, बरेच जण नुसते 'सेन्सर' म्हणूनही ओळखतात. तिचे तत्त्व साधे आहे. धातूची तार तापली की तिच्यातून वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा वाढतो. अडथळा किती वाढला हे मोजले की उष्णता किती ते कळते. विल्यम सीमेन्स यांनी १८७१ साली प्लॅटिनमच्या तारेने अशी उष्णता मोजण्याची कल्पना लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. पण त्यांच्या उपकरणाचे आकडे काही काळाने ढळत. पुढे ह्यू कॅलेंडर या केंब्रिजच्या तरुण संशोधकाने तार शुद्ध ठेवली, ताण न देता बसवली, आणि ती वर्षानुवर्षे एकच आकडा सांगते हे दाखवून दिले. त्यांचा निबंध १८८७ साली प्रसिद्ध झाला. आज जगभर उद्योगांत वापरतात ती कांडी त्याच घराण्यातली.

आपल्याकडे येणाऱ्या कांडीवर 'पीटी १००' असे लिहिलेले असते. 'पीटी' म्हणजे प्लॅटिनम. '१००' म्हणजे शून्य अंश सेल्सिअसला तिचा अडथळा बरोबर १०० ओहम. शंभर अंशांना तो १३८.५ ओहम होतो. म्हणजे एका अंशामागे अडथळा वाढतो तो जेमतेम ०.३८ ओहम. हा आकडा कृपया ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब याच्यावरच आहे. अर्धा ओहमसुद्धा इकडचा तिकडे झाला तर उष्णतेत सव्वा अंशाहून जास्त फरक पडतो.

कांडी विकत घेताना तिचा वर्ग पाहतात. 'अ' वर्गाच्या कांडीला शून्य अंशाला ०.१५ अंशाची चूक माफ असते, 'ब' वर्गाच्या कांडीला ०.३० अंशाची. उष्णता वाढेल तशी ही सूट थोडी वाढते. रस १०३ अंशांना असताना 'अ' वर्गाला सुमारे ०.३६ आणि 'ब' वर्गाला सुमारे ०.८ अंश. म्हणजे साध्यातल्या साध्या कांडीची चूकही एका अंशाच्या आत राहते. खरेदी समितीत पुष्कळदा 'अ' घ्यावा की 'ब' यावर चर्चा रंगते. पण खरी गळती कुठे होते ते पुढे पाहू.

गाडीसकट वजन

कांडी असते ज्यूस हीटरवर, आणि आकडा दिसतो कंट्रोल रूममध्ये. दोहोंमध्ये अंतर समजा ४० मीटर. एवढे अंतर तांब्याच्या तारेने जोडले. तांबे विजेला चांगली वाट देते हे खरे, पण अगदी फुकट देत नाही. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या लवचिक तारेला किलोमीटरमागे सुमारे ३९ ओहम अडथळा असतो. जायची एक तार आणि यायची एक, मिळून ८० मीटर. हिशेब केला तर ३.१२ ओहम.

आता उपकरणाला काय कळते? त्याला कांडीचा अडथळा आणि तारांचा अडथळा वेगवेगळे दिसतच नाहीत. दोन्हींची बेरीज करून ते सगळी उष्णताच समजते. ३.१२ ओहम म्हणजे झाले आठ अंश! म्हणजे पडद्यावर १०३ आकडा दिसतो तेव्हा रस प्रत्यक्षात ९५ च्या आसपास असतो. हे गाडीसकट उसाचे वजन धरण्यासारखे झाले. फरक एवढाच, की काट्यावर असे घडले तर कुणी ना कुणी ओरडतो. इथे कुणालाच पत्ता नसतो.

'अ' वर्गाची कांडी घेऊन अर्धा अंश वाचवायचा, आणि दोनच तारांनी जोडून आठ अंश घालवायचे, याला म्हणावे नाकापेक्षा मोती जड.

कुणी म्हणेल, जाड तार घाला. दीड चौरस मिलिमीटरची घातली तरी तेवढ्याच अंतराला सुमारे तीन अंशांची चूक राहतेच. कुणी म्हणेल, एकदा चूक मोजून आकड्यातून आठ वजा करून ठेवा. हाही उपाय लंगडा आहे. तांब्याचा स्वतःचा अडथळासुद्धा उष्णतेने वाढतो, वीस अंशांमागे जवळजवळ आठ टक्के. पहाटेची थंडी आणि दुपारी बॉयलरशेजारचा उकाडा यांत तेवढा फरक सहज पडतो. मग पहाटे बसवलेली वजाबाकी दुपारी अर्ध्या-पाऊण अंशाने चुकते. शिवाय पुढच्या ऑफ-सीझनला केबल तोडून नवा जोड दिला की जुनी वजाबाकी कुणाच्या लक्षात राहते?

तीन तारा, चार तारा

यावरचा उपाय आपल्या वजनकाट्यासारखाच आहे. रिकामी गाडी वेगळी तोलायची.

कांडीच्या एका टोकाला एक तार आणि दुसऱ्या टोकाला दोन तारा जोडतात. एकाच टोकाच्या या दोन तारांमध्ये प्लॅटिनम येतच नाही, त्यामुळे त्यांच्यावरून उपकरण नुसत्या तारेचा अडथळा मोजते आणि एकूण आकड्यातून वजा करते. शेजारून तशाच तारा नेऊन त्यांचे ओझे वजा करण्याची युक्ती कॅलेंडर यांच्या काळापासून चालत आली आहे. आज आपल्या कारखान्यात आणि इतरत्रही बहुतेक ठिकाणी हीच तीन तारांची पद्धत आहे.

पण तिच्यात एक गृहीत धरलेले आहे, ते समजून घ्यावे. एकाच सुताराने एकाच लाकडाच्या दोन जुळ्या गाड्या केल्या. त्यांतली एक रिकामी तोलली आणि दुसरीचे वजनही तेवढेच असणार असे मानले. गाड्या खरोखर जुळ्या असतील तर हिशेब चोख. एका गाडीच्या साट्यावर चिखलाचा थर असेल तर? तीन तारांचेही तसेच आहे. तिन्ही तारा एकाच केबलमधल्या, एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या हव्यात. एकीच्या जोडाला गंज चढला, स्क्रू ढिला राहिला आणि एक ओहमचा फरक पडला की अडीच अंशांची चूक झालीच. तुटलेल्या तारेला टेप गुंडाळून दिलेला जोड हे याचे नेहमीचे कारण.

जिथे चूक अजिबात चालत नाही, जसे प्रयोगशाळेत किंवा सेन्सर तपासण्याच्या कामात, तिथे चार तारा लावतात. दोन तारांतून वीज जाते, उरलेल्या दोन फक्त दाब वाचतात. वाचणाऱ्या तारांतून वीज जवळपास वाहतच नाही, म्हणून त्यांच्या अडथळ्याचा आकड्यावर परिणाम होत नाही. इथे गाडी काट्यावर चढतच नाही, ऊस जणू दोरीने उचलून थेट तोलला जातो.

आणखी एक वाट आहे. कांडीच्या डोक्यातच एक छोटा ट्रान्समीटर बसवायचा. तो जागेवरच अडथळा वाचतो आणि त्याचे ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहात रूपांतर करून पुढे पाठवतो. प्रवाहाला तारेच्या लांबीची पर्वा नसते. मात्र हा ट्रान्समीटर नाजूक असतो. वाफेच्या पाइपाला खेटून बसवला तर तो स्वतःच भाजतो. त्याला थोडा दूर, हवेशीर ठेवावा लागतो.

ठाण्याचे गाळे, डोंबिवलीचे रिॲक्टर

आपल्या कारखान्यात आलेल्या कांड्यांच्या खोक्यांवरचे पत्ते वाचले तर त्यांत ठाणे, डोंबिवली, कल्याण ही नावे पुन्हा पुन्हा दिसतात. ठाणे जिल्ह्यात उसाचे मळे नाहीत की साखर कारखाना नाही. मग हा धंदा तिथे कसा रुजला?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले १९६२ साली. त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट. तिथे मोठे इंजिनिअरिंग कारखाने आले, आणि त्यांच्या आधाराने छोट्या गाळ्यांतून जोडधंदे उभे राहिले. पुढे त्यांतले बरेच मोठे कारखाने बंद पडले, जागोजागी काचेच्या इमारती आणि संगणकाची कार्यालये आली. तरी उपकरणे बनवणारे, तपासणारे छोटे गाळे टिकून आहेत. कल्याणच्या अंगाला शहाडला आणि मोहोन्याला रेयॉनचे कारखाने उभे राहिले. मोहोन्याचा २००९ साली बंद पडला. रेयॉनचे सूत आम्लाच्या ज्या कुंडात ओढले जाते त्याची उष्णता ढळली की धाग्याचा दर्जा ढळतो. डोंबिवलीच्या वसाहतीत रंग, औषधे आणि त्यांना लागणारी रसायने करणारे कारखाने दाटीवाटीने आले. थोडक्यात, उष्णता मोजणाऱ्याला गिऱ्हाईक दारातच होते.

डोंबिवलीकरांना या मोजमापाची किंमत आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रंगाच्या धंद्यात 'डायझोटायझेशन' नावाची एक क्रिया असते, ती बहुधा शून्य ते पाच अंशांच्या दरम्यान, बर्फाच्या गारठ्यातच करावी लागते. उष्णता वर गेली की तयार झालेला पदार्थ विघटित होऊ लागतो, वायू सुटतो, आणि बंद भांड्यात दाब वाढतो. रसायनांच्या वसाहतीत गफलत झाली तर काय होते, ते त्या गावाने २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखांना पाहिले आहे. स्फोटात माणसे गेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. अशा ठिकाणी उष्णतेचा आकडा हा नुसता नफ्यातोट्याचा विषय राहत नाही.

कांडी बनते कशी, हेही सांगण्यासारखे आहे. तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसलेला प्लॅटिनमचा घटक घेतात, त्याला तारा जोडतात, स्टीलच्या नळीत सरकवतात आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी दाबून भरतात. ही भुकटी उष्णता आत पोचू देते, पण वीज नळीकडे जाऊ देत नाही. तिचा एक मोठा दुर्गुण आहे. ती मिठासारखी हवेतली ओल ओढून घेते. ठाणे-कल्याणचा पाऊस कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तिथले जाणते कारागीर नळी भट्टीत नीट सुकवल्याशिवाय तोंड बंद करत नाहीत. त्यानंतर १०० व्होल्टच्या मेगरने तारा आणि नळी यांच्यामधला अडथळा तपासतात. नव्या, चांगल्या कांडीत तो १०० मेगओहम म्हणजे दहा कोटी ओहमच्या खाली असता कामा नये.

ओल लागली की उलटे

ओलीचा मुद्दा एवढ्यासाठी मांडला, की ती तारेच्या नेमकी उलट चूक करते.

कांडीच्या डोक्यात पाणी शिरले किंवा भुकटी ओलावली, की विजेला प्लॅटिनम सोडून दुसरी चोरवाट मिळते. पाटाला भगदाड पडले की पाणी शेजारच्या वावरात जाते, तसेच हे. वाट जास्त मिळाली म्हणजे अडथळा कमी झाला, आणि अडथळा कमी म्हणजे आकडा कमी. ओलीमुळे प्लॅटिनमच्या दोन टोकांमध्ये दहा हजार ओहमची चोरवाट पडली, तर १०३ अंशांचा रस ९८ दाखवला जातो. पाच अंश कमी!

तेव्हा सूत्र असे: तारेचा दोष आकडा फुगवतो आणि ओल आकडा बसवते. तार पूर्ण तुटली तर अडथळा अमर्याद होऊन आकडा एकदम वर उडतो, आणि ढिल्या स्क्रूमुळे तो मध्येच उसळून पुन्हा जागेवर येतो. उष्णता खरोखर वाढते तेव्हा ती अशी उडी मारत नाही, चढत चढत जाते. आलेखाकडे पाहून दोष ओळखायला एवढे पुरते.

कोणती चूक जास्त घातक, ते जागेवर अवलंबून असते. डोंबिवलीच्या थंड रिॲक्टरवर ओल घातक, कारण भांडे तापत असते आणि आकडा थंड सांगतो. आपल्या ज्यूस हीटरवर दोन्ही चुका महागात पडतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने.

आपल्या उताऱ्याशी संबंध काय?

सल्फिटेशन झाल्यावर रस पुन्हा १०० ते १०४ अंशांपर्यंत तापवतात आणि क्लॅरिफायरला सोडण्यापूर्वी उघड्या टाकीत त्याला उसळी मारू देतात. या उसळीत रसात अडकलेली हवा निघून जाते. रस उकळबिंदूच्या खाली राहिला तर हवा जात नाही, तिचे बुडबुडे भुशाच्या बारीक कणांना चिकटतात आणि तो गाळ तळाशी बसायच्या ऐवजी तरंगत राहतो. मग निवळलेला रस गढूळ येतो. त्याचा परिणाम साखरेच्या रंगावर होतो आणि प्रेसमडमधून साखर वाया जाऊ लागते.

दोन तारांनी जोडलेल्या, आठ अंश फुगवून सांगणाऱ्या सेन्सरवर पाळी चालू असेल, तर बोलणे साधारण असे होते:

"भाऊ, हीटरचं रीडिंग किती?"

"एकशेतीन. वाफ बरोबर चालू हाय."

"मग रस गढूळ का उतरतोय?"

"चुन्याचं बघा की साहेब! चुनाच नीट पडत नसंल."

चुनेवाला म्हणतो, ऊसच शिळा आला. आणि दोष शेवटी जाऊन बसतो शेतकऱ्याच्या माथी. चुनेवाला, हीटरवाला आणि शेतकरी तिघेही निर्दोष असतात. आठ अंश खाल्लेले असतात तारेने.

उलट सेन्सर ओला असेल आणि पाच अंश कमी दाखवत असेल, तर कामगार इमानेइतबारे वाफ वाढवतो. रस वाजवीपेक्षा जास्त तापतो, त्याचा रंग गडद होतो, हीटरच्या नळ्यांत थर लवकर धरतो आणि साखरेचे विघटन वाढते. वाफही फुकट जाते, म्हणजे भुसा जास्त जळतो आणि विकायला वीज कमी उरते.

बेअरिंगचे पाहा. टर्बाइनच्या बेअरिंगवर सेन्सर लावून ठराविक आकड्याला यंत्र आपोआप बंद पडेल अशी सोय असते. सेन्सर पाच-सात अंश फुगवून सांगत असेल तर बेअरिंग धडधाकट असतानाही गाळप थांबते. इकडे गव्हाण बंद, तिकडे गाडीतळावर बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांची रांग. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, साखरही घटते. ते नुकसान थेट आपल्या पावतीवर येते. डिस्टिलरीतही तीच गत. टाकी ३३ अंशांवर आहे असे समजून गार पाणी सोडत राहावे आणि आत यीस्ट २५ अंशांवर गारठून मंदावलेले असावे.

रुपयात सांगायचे तर २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३ रुपये ४६ पैसे वाढीव धरले. म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. साठ टन ऊस घालणाऱ्या सभासदाला दशांश टक्क्याचे मोल २,०७६ रुपये. एका सेन्सरने उतारा एवढा घसरतो असे कुणी म्हणू नये. उतारा उसाच्या जातीवर, पक्वतेवर, तोडीनंतरच्या वेळेवर आणि इतर शंभर गोष्टींवर ठरतो. पण थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते थेंबे थेंबे आटतेही. आणि या शंभर गोष्टींपैकी फार थोड्या अशा आहेत, की ज्या एका तिसऱ्या तारेच्या खर्चात सुधारतात.

उकळी फसवते, बर्फ फसवत नाही

सेन्सर बरोबर आहे की नाही हे पाहायला पुष्कळ ठिकाणी कांडी उकळत्या पाण्यात धरतात आणि १०० आकडा शोधतात. ठाण्यात किंवा डोंबिवलीत हे चालून जाते, कारण ती गावे समुद्रसपाटीपासून फार उंच नाहीत. पण आपण घाटमाथ्यावरची माणसे. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि पाणी ९८ अंशांच्या सुमारासच उकळते. ठाण्यात १०० दाखवून आलेली कांडी आपल्याकडे ९८ दाखवते, आणि 'माल खराब आला' म्हणून परत पाठवली जाते! कांडी खरे तेच सांगत असते.

बर्फ मात्र ठाण्यातही शून्याला आणि आपल्याकडेही शून्यालाच वितळतो. थर्मासमध्ये स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटून भरावा, तो भिजेल एवढेच पाणी घालावे, कांडी मधोमध पण खोलवर धरावी, पंधरा-वीस मिनिटे थांबावे. 'ब' वर्गाच्या चांगल्या कांडीचा अडथळा तेव्हा १०० ओहमच्या आगेमागे एक दशांश ओहमच्या आसपास राहायला हवा. फरक जास्त असेल तर कांडी बाजूला काढावी. वर्षातून एकदा महत्त्वाच्या सेन्सरची तपासणी एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून करून दाखला घ्यावा, म्हणजे आपला आकडा थेट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या आकड्याशी जोडला जातो.

अग्निप्रदीपनापूर्वी

बॉयलरचे अग्निप्रदीपन होण्यापूर्वी, ऑफ-सीझनच्या कामांच्या यादीत पुढील गोष्टी असाव्यात.

पहिली, मल्टीमीटरची चाचणी. तीन तारांच्या कांडीत दोन तारा लाल आणि एक पांढरी असते. दोन्ही लाल एकाच टोकाच्या. त्यांच्यामध्ये अडथळा जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. लाल आणि पांढरी यांच्यामध्ये तीस अंशांच्या हवेत सुमारे १११.७ ओहम दिसला पाहिजे. एवढी चाचणी आपला कुठलाही मेकॅनिक पाच मिनिटांत करू शकतो.

दुसरी, तीन तारा कांडीपासून थेट कंट्रोल रूमपर्यंत तीनच राहिल्या आहेत का ते पाहणे. पुष्कळदा कांडी तीन तारांची असते, पण मधल्या जंक्शन बॉक्समध्ये केबल कमी पडली म्हणून पुढे दोनच तारा नेलेल्या असतात आणि उपकरणाजवळ दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडून टाकलेली असतात. कागदोपत्री ती तीन तारांची जोडणी. प्रत्यक्षात रिकामी गाडी तोललीच गेलेली नसते.

तिसरी, कांडीच्या डोक्याचे झाकण, रबरी वॉशर आणि केबल आत जाते ते ग्लँड. केबल ग्लँडमध्ये खालून वर चढेल अशी बांधावी, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून आत शिरणार नाही. हंगाम संपल्यावर कारखाना धुताना पाण्याचा फवारा थेट डोक्यावर मारू नये.

चौथी, थर्मोवेल. कांडी ज्या बंद नळीत बसते तिच्या तळाला ती टेकली पाहिजे, आणि नळी रसात पुरेशी खोल, निदान स्वतःच्या व्यासाच्या दहापट तरी असावी. नळी आखूड असेल तर बाहेरची हवा कांडीला गार करते. नळीवर थर बसला असेल तर आकडा मागाहून येतो.

पाचवी, सेन्सरची केबल मोटारींच्या जाड केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नये. मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह आल्यापासून हा त्रास वाढला आहे. केबल जाळीच्या आवरणाची असावी आणि आवरणाला अर्थिंग एकाच टोकाला द्यावे.

सहावी, वहीत नोंद. कोणता सेन्सर कधी बसवला, किती तारांचा आहे, कधी तपासला, किती फरक निघाला. दर सेन्सरला एक ओळ पुरते.

वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण वजनकाट्याविषयी प्रश्न विचारतो, तो आपला हक्क आहे. येत्या सभेत आणखी एक प्रश्न विचारावा: "क्लॅरिफायरला जाणाऱ्या रसाची उष्णता मोजणारा सेन्सर किती तारांचा आहे, आणि तो शेवटचा कधी तपासला?" प्रश्न लहान आहे, त्याचे उत्तर त्या वहीतल्या एका ओळीत मिळायला हवे. ती ओळ वहीत नसेल, तर ती लिहिण्याचे काम मोळी टाकण्याच्या आधी उरकून घ्यावे.